आहारातील अंकपद्धती : कोणास मानवते, कोणास नाही

१. प्रश्नाची मांडणी

गेल्या सत्राच्या आरंभी आमच्या विभागातील अध्यापकांची आरोग्यतपासणी झाली. तिचे निष्कर्ष हाती आल्यावर चहाच्या वेळी जी चर्चा सुरू झाली, ती पुढे कित्येक आठवडे चालली. पाचांपैकी तिघांना वजन उतरविण्याचा सल्ला मिळाला होता, व प्रस्तुत लेखिका त्या तिघांपैकी एक होती. माझ्या रक्तातील साखर मधुमेहपूर्व अवस्थेत पोचली होती. माझ्या वडिलांना साधारण याच वयात मधुमेह जडला आणि पुढे त्यांची दृष्टी गेली. तेव्हा हा प्रश्न माझ्यापुरता केवळ जिज्ञासेचा राहिला नव्हता. त्याच सुमारास इंग्लंडात स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थिनीने ‘पॉइंट मोजून जेवण्याची’ पद्धत सुचविली. प्रत्येक खाद्यपदार्थाला ठराविक पॉइंट दिलेले असतात. दिवसाला अमुक इतक्या पॉइंटांची मर्यादा असते. ती ओलांडावयाची नाही, एवढाच नियम. कोणताही पदार्थ सर्वस्वी वर्ज्य नाही. तिला या पद्धतीचा लाभ झाला होता. मी सहकाऱ्यांपुढे विषय काढला तेव्हा सर्वांनी एकच प्रश्न विचारला : ही पद्धत चांगली आहे काय ?

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागल्यावर असे दिसून आले की, प्रश्नाची मांडणीच सदोष आहे. मराठीत याकरिता अधिक नेमके क्रियापद उपलब्ध आहे, ते म्हणजे ‘मानवणे’. ‘मला दूध मानवत नाही’ या वाक्यात क्रियापद दुधाच्या अनुरोधाने चालते आणि बोलणारी व्यक्ती चतुर्थीत राहते. हे वाक्य दुधाला नावे ठेवीत नाही व पिणाऱ्यालाही दोष देत नाही. दोहोंमधील संबंध तेवढा सांगते. आहारपद्धतीविषयी बोलतानाही हाच प्रयोग उचित होय. पद्धत चांगली की वाईट, हे तिच्याकडे एकटीकडे पाहून ठरत नाही. ती कोणत्या माणसाला, कोणत्या घरात, कोणत्या प्रकृतीला मानवते, एवढेच विचारता येते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने त्या पद्धतीचे स्वरूप, तिच्याविषयीचा पुरावा व निर्णयाची रीत यांचा विचार केला आहे.

आरंभी परिभाषेविषयी एक खुलासा. ‘पॉइंट’ला ‘गुण’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. परंतु तो येथे दिशाभूल करणारा आहे. परीक्षेतील गुण मिळवावयाचे असतात, औषधाचा गुण यावयाचा असतो. या पद्धतीतील पॉइंट मात्र खर्चावयाचे असतात, आणि ते जितके कमी तितके बरे. म्हणून पुढील विवेचनात ‘अंक’ हा तटस्थ शब्द योजिला आहे.

२. आधी बोलणे, मग मोजणे

या प्रकारच्या पद्धतींत सर्वांत प्रसिद्ध आहे ती अमेरिकेतील ‘वेट वॉचर्स’ या संस्थेची. तिचा इतिहास एका दृष्टीने उद्बोधक आहे. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या जीन नायडिच या गृहिणीचे वजन १९६१ साली २१४ पौंड, म्हणजे सुमारे ९७ किलो होते. शहराच्या आरोग्यखात्याने चालविलेल्या चिकित्सालयात त्यांना आहाराचा तक्ता मिळाला. त्या तक्त्याप्रमाणे वागू लागल्या, परंतु चोरून बिस्किटे खाण्याची सवय सुटेना, आणि ती गोष्ट चिकित्सालयात सांगण्याचे धैर्यही होईना. अखेर त्यांनी आपल्या सहा मैत्रिणींना घरी बोलाविले व त्यांच्यापाशी ती कबुली दिली. मैत्रिणींनीही आपापल्या चोऱ्या सांगितल्या. दर आठवड्याला अशी बैठक भरू लागली. १९६२ च्या अखेरीस नायडिच यांचे वजन ७२ पौंडांनी उतरले होते, आणि मे १९६३ मध्ये या बैठकीचे रीतसर संस्थेत रूपांतर झाले.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या सर्व काळात अंक कोठेच नव्हते. होते ते काय खावे व काय खाऊ नये यांचे तक्ते : मासे आठवड्यातून पाच वेळा, यकृत एकदा, गोडधोड वर्ज्य. अमेरिकेत अंकांचा अवलंब १९९७ साली झाला; म्हणजे बैठका सुरू झाल्यापासून तब्बल ३६ वर्षांनी. ज्याला आज आपण अंकपद्धती म्हणतो तिचे मूळ औषध बोलणे हे होते. मोजणे त्याला मागाहून जोडले गेले. निर्णय करताना या क्रमाचा विसर पडू नये.

अन्नाला संख्येच्या भाषेत उच्चारण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. लॉस एंजेलिस येथील डॉ. लुलू हंट पीटर्स यांनी १९१८ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक पुस्तकात वाचकांना आपली बोलण्याची रीतच बदलावयास सांगितले होते. पावाचा तुकडा न म्हणता इतक्या उष्मांकांचा पाव म्हणावे, असा त्यांचा आग्रह होता. अंकपद्धतीने याच आग्रहाला सोपे रूप दिले. दिवसाचे १४००–१५०० उष्मांक मनात बाळगणे कठीण. वीस-तीसपर्यंतची बेरीज कोणीही तोंडी करू शकतो.

३. अंक म्हणजे काय

१९९७ च्या पद्धतीचे सूत्र साधे होते. पदार्थातील उष्मांकांना ५० ने भागावे. त्यात स्निग्धांशाचे ग्रॅम १२ ने भागून मिळवावे. आणि तंतूंचे ग्रॅम (जास्तीत जास्त ४ धरून) ५ ने भागून वजा करावे. येणारी संख्या जवळच्या पूर्णांकात घ्यावी. हेच तीन आकडे का घेतले असावेत, याचा उलगडा अमेरिकेतील एका कायद्यावरून होतो. १९९० साली संमत होऊन १९९४ पासून अंमलात आलेल्या या कायद्याने आवेष्टित खाद्यपदार्थांवर पोषणघटकांचा तक्ता छापणे बंधनकारक केले. त्यामुळे उष्मांक, स्निग्धांश व तंतू हे तिन्ही आकडे प्रत्येक डब्याच्या पाठीवर तयार मिळू लागले. अंकांची ही भाषा मुख्यतः डब्यावरील अक्षरे वाचणाऱ्या समाजाची भाषा आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

एक मध्यम आकाराचे केळे घेऊ. त्यात सुमारे १०५ उष्मांक, जेमतेम अर्धा ग्रॅम स्निग्धांश व ३ ग्रॅम तंतू असतात. सूत्राप्रमाणे उत्तर सुमारे दीड, म्हणजे पूर्णांकात २ अंक. २०१० साली संस्थेने सूत्र बदलले. उष्मांकांऐवजी प्रथिने, कर्बोदके, स्निग्धांश व तंतू हे चार घटक हिशेबात घेतले, आणि ताज्या फळांना शून्य अंक दिले. केळ्यात काडीचाही फरक न होता ते दोनावरून शून्यावर आले. २०१५ च्या अखेरीस पुन्हा नवे सूत्र आले : त्यात संपृक्त स्निग्धांश व साखर यांनी अंक वाढतात, प्रथिनांनी कमी होतात. २०१७ च्या अखेरीस अंडी, मासे, कातडीविरहित कोंबडीचे मांस, कडधान्ये व डाळी यांसह दोनशेहून अधिक पदार्थ शून्यावर नेण्यात आले. २०१९ साली तर तीन रंगांच्या तीन योजना एकाच वेळी चालू होत्या, आणि एकच अंडे एका सभासदाला २ अंकांचे तर दुसऱ्याला शून्य अंकांचे होते.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात आश्चर्य वाटू नये. चिन्हाचे मूल्य त्याच्या द्रव्यात नसून व्यवस्थेतील त्याच्या स्थानात असते, हे समजाविण्याकरिता सोस्यूर यांनी बुद्धिबळाचा दृष्टान्त दिला होता. घोडा लाकडाचा की हस्तिदंताचा, याने डावात फरक पडत नाही. अंकाचेही तसेच आहे. तो केळ्याचा गुणधर्म नव्हे. खाणाऱ्याला एका दिशेने वळविण्याकरिता व्यवस्थेने केळ्यावर लावलेली ती चिठ्ठी आहे. ‘शून्य’ याचा अर्थ ‘त्यात काही नाही’ असा नसून ‘याचा हिशेब ठेवू नका, हे खा’ असा आहे. हे विधान वर्णनात्मक नाही, विध्यर्थी आहे. हा भेद ज्याच्या ध्यानात येतो त्याला अंक उपयोगी पडतात. ज्याच्या ध्यानात येत नाही तो दिवसाला आठ केळी खाऊन, शून्य अंक होऊनही वजन का उतरत नाही, असे विचारतो.

पूर्णांकाचाही असाच एक प्रमाद संभवतो. चहातील एक चमचा साखर साधारण ५ ग्रॅम, म्हणजे २० उष्मांक. १९९७ च्या सूत्राने ०.४ अंक, पूर्णांकात शून्य. परंतु अशा पाच कपांची साखर १०० उष्मांक, म्हणजे पूर्ण २ अंक. स्वतंत्रपणे शून्य असलेल्या पाच गोष्टींची बेरीज दोन येते. विभागातील चहाचे प्रमाण पाहता ही बाब आम्हांस दुर्लक्षिण्यासारखी वाटली नाही.

४. पुरावा काय सांगतो

या पद्धतीचा अभ्यास पुष्कळ झाला आहे, आणि आहारयोजनांत इतका अभ्यास फारच थोड्यांच्या वाट्याला आला आहे. अमेरिकेतील ४२३ व्यक्तींवरील चाचणी २००३ साली प्रसिद्ध झाली. तीत दोन वर्षांनंतर वेट वॉचर्सच्या गटाचे वजन सरासरी २.९ किलोने, तर स्वतःच्या बळावर प्रयत्न करणाऱ्या गटाचे केवळ ०.२ किलोने कमी झाले होते. सुसान जेब व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलिया, जर्मनी व इंग्लंड येथील ७७२ व्यक्तींवर केलेली चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. वर्षाअखेर या पद्धतीच्या गटात ५.०६ किलो व दवाखान्यातील नेहमीच्या उपचाराच्या गटात २.२५ किलो घट आढळली. या दुसऱ्या चाचणीस खुद्द कंपनीचे अर्थसाहाय्य होते, ही गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. त्याने निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, परंतु वाचकाने ती जाणून असावे.

मुदतीच्या प्रश्नावर ॲमी अहर्न व सहकारी यांची २०१७ ची इंग्लंडमधील चाचणी अधिक बोलकी आहे. १२६७ व्यक्तींचे तीन गट केले होते : एकास केवळ माहितीपुस्तिका, दुसऱ्यास १२ आठवड्यांचा कार्यक्रम, तिसऱ्यास ५२ आठवड्यांचा. वर्षाअखेर घट अनुक्रमे ३.२६, ४.७५ व ६.७६ किलो होती. दोन वर्षांच्या अखेरीस ती २.३०, ३.०० व ४.२९ किलो उरली. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, वर्षभर चिकाटी धरणाऱ्यास तीन महिन्यांत सोडणाऱ्यापेक्षा अधिक लाभ होतो. दुसरी, कार्यक्रम संपल्यावर उतरलेल्या वजनातील मोठा हिस्सा परत येतो. जाहिरातीतील वीस-पंचवीस किलोंची छायाचित्रे सरासरीची नसतात. सरासरी माणसाने चार-सहा किलोंची अपेक्षा धरावी.

तथापि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष बॉस्टन येथील २००५ च्या चाचणीचा आहे. १६० व्यक्तींना चार वेगवेगळ्या आहारपद्धती चिठ्ठ्या टाकून वाटून दिल्या होत्या. त्यांत ही एक होती. वर्षाअखेर चारही गटांची सरासरी घट २ ते ३ किलोंच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखीच निघाली. वजन किती उतरले याचा संबंध पद्धत कोणती होती याच्याशी नव्हता. ती किती निष्ठेने पाळली याच्याशी होता. अतिकडक पद्धतींच्या गटांत वर्षभर टिकणारे निम्म्याच्या आसपास होते, अंकपद्धतीत सुमारे ६५ टक्के. पद्धत मानवणे म्हणजे ती पाळवणे, हेच येथे आकड्यांनी सिद्ध होते.

आता याला औषधांचा नवा संदर्भही आहे. सेमाग्लुटाइड या औषधाच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरलेले आढळले. २०२३ साली वेट वॉचर्सनेच अशी औषधे लिहून देणारी दूरवैद्यकसेवा विकत घेतली, आणि मे २०२५ मध्ये कर्जभारामुळे कंपनीला अमेरिकेतील दिवाळखोरी न्यायालयाचा आश्रय घ्यावा लागला. त्यातून ती काही आठवड्यांतच बाहेर पडली. यातून अंक मोजणे निरर्थक ठरले असे नव्हे. परंतु ज्यांचे वजन फार अधिक आहे किंवा ज्यांना त्यामुळे व्याधी जडली आहे, त्यांनी अंकांवरच विसंबून न राहता वैद्याशी बोलावे, हे उघड आहे.

५. काट्यावरचा आकडाही एक चिन्हच

अंकांपूर्वी आणखी एका संख्येचा विचार करावयास हवा, ती म्हणजे वजन. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले होते. दोघांचाही शरीरभारांक (वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरांच्या वर्गाने भागून येणारी संख्या) २२.३ होता. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्या ठिकाणी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या ठिकाणी २१.२ टक्के होते. चिन्ह एक, अर्थ भिन्न. बारीक दिसणाऱ्या भारतीयालाही मधुमेह का होतो, याचे एक कारण येथे सापडते.

म्हणूनच २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी सहमतीने आपल्याकरिता निराळ्या मर्यादा सुचविल्या : शरीरभारांक २३ पासून अतिवजन, २५ पासून स्थूलता; कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरांपुढे धोक्याचा. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीला याचा अर्थ अनुक्रमे ५९ व ६४ किलो. परदेशी कोष्टकात ‘ठीक’ ठरलेला मराठी माणूस येथे ‘ठीक’ असेलच असे नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन व सहकारी यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील भारतीयांवर केलेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन वर्षांत साध्या गटातील ५५ टक्के व्यक्तींना मधुमेह झाला. आहार व व्यायाम सुधारलेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. आणि हे वजनात म्हणण्यासारखी घट न होता घडले. काटा मूक राहिला म्हणजे शरीराने काही ऐकले नाही, असा निष्कर्ष काढू नये.

६. ताट कोणाचे, हिशेब कोणाचा

अंकपद्धतीत एक गृहीत दडलेले आहे : खाणारा माणूस आपले अन्न स्वतः निवडतो, ते सुटे मोजता येते व त्यावर आकडे छापलेले असतात. लंडनमधील एकट्या राहणाऱ्या विद्यार्थिनीला हे तिन्ही लागू पडते. आमच्या घरी तिन्हीपैकी एकही पुरते लागू पडत नाही. भाकरी थापणाऱ्या हातावर तिचे वजन ठरते. आमटीतील तेल फोडणीत विरलेले असते. आणि वाढणारी व्यक्ती एक, जेवणारी दुसरी. मी वही घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, आता माझ्या आमटीला मार्क द्यायला बसणार आहेस का तू ?” त्यांच्या बोलण्यात थट्टा होती, पण दुखावलेपणही होते. वाढणे ही आपल्याकडे केवळ वितरणाची क्रिया नाही. ‘अजून अर्धी घे’ या वाक्याचा अर्थ अर्ध्या भाकरीपुरता मर्यादित नसतो, आणि त्याला ‘माझे अंक संपले’ हे उत्तर होऊ शकत नाही.

त्यावर आम्ही काढलेला मार्ग इतरांच्या उपयोगी पडण्याजोगा आहे. ताटातील पदार्थ मोजण्याऐवजी घरात येणारे जिन्नस मोजावयाचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक-कोष्टकांत ५२८ खाद्यपदार्थांचे पृथक्करण दिले आहे. ते प्रायः कच्च्या जिनसांचे असल्यामुळे या रीतीला सोयीचे आहे. आमच्या चार माणसांच्या घरी महिन्याला चार लिटर तेल लागत असे. एका लिटरचे वजन सुमारे ९१० ग्रॅम धरले, तर माणशी दिवसाला सुमारे ३० ग्रॅम तेल व २७३ उष्मांक होतात. जुन्या सूत्राने हे ८ अंक, आणि ते ताटात कोठेही ‘तेल’ म्हणून दिसत नाहीत. महिन्याचे तेल अडीच लिटरांवर आणल्यास हेच ५ अंक होतात. हा हिशेब मी मांडून दाखविला तेव्हा सासूबाईंनीच तेलाच्या भांड्यातील पळी बदलून चमचा ठेवला. आमटीला कोणी मार्क दिले नाहीत. घराने मिळून तेल कमी केले.

७. कोणी या वाटेस जाऊ नये

काही व्यक्तींना ही पद्धत मानवत नाही, इतकेच नव्हे तर ती अपायकारक ठरू शकते. ज्यांना पूर्वी खाण्यासंबंधीचा मनोविकार झाला आहे – उपाशी राहणे, अधाशीपणे खाऊन ओकारी काढणे – त्यांच्या हाती अंक देणे म्हणजे विकाराला शस्त्र देणे होय. गर्भवती स्त्रिया व वाढीच्या वयातील मुले यांनी वैद्याच्या देखरेखीवाचून अन्नाचा असा संकोच करू नये. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण एकाएकी कमी केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. औषधाची मात्रा आधी वैद्याकडून ठरवून घ्यावी. वृद्धांमध्ये चरबीबरोबर स्नायूही झिजतात, तेव्हा त्यांनी केवळ वजनाच्या आकड्यावर समाधान मानू नये.

याखेरीज एक वर्ग असा आहे की ज्याला कोणताही आजार नाही, पण संख्या ज्याला छळते. आमच्या तिघांपैकी एक सहकारी तिसऱ्या आठवड्यात थांबले. व्याख्यान चालू असतानाही उरलेले अंक मनात येतात आणि एक अंक वाढला की सारा दिवस वाया गेल्यासारखा वाटतो, असे त्यांनी सांगितले. यात त्यांची चिकाटी कमी पडली असे मानणे अन्यायाचे होईल. त्यांनी संध्याकाळचे फरसाण सोडले व सकाळी चालणे सुरू केले. ‘हे चालेल, हे चालणार नाही’ असे सांगणारी पथ्याची जुनी, द्विपदी व्यवस्था त्यांना मानवते. अंकांची श्रेणीबद्ध व्यवस्था मानवत नाही. काहींच्या बाबतीत याच्या नेमके उलट असते : ‘वर्ज्य’ म्हटले की त्याच पदार्थाची ओढ लागते. अशांना मोजून का होईना, सर्व काही खाण्याची मोकळीक देणारी अंकपद्धती सुटकेसारखी वाटते.

८. पंधरा दिवसांची परीक्षा

पैसे भरण्यापूर्वी किंवा भ्रमणध्वनीवर एखादी योजना उतरवून घेण्यापूर्वी पुढील परीक्षा स्वतःच घ्यावी. पहिला आठवडा आहारात कोणताही बदल न करता खाल्लेले सर्व काही लिहावे. दुसऱ्या आठवड्यात १९९७ च्या साध्या सूत्राने त्याचे अंक मांडावे. चौदा दिवसांनंतर वजनकाट्याकडे न पाहता चार प्रश्नांची उत्तरे द्यावी.

पहिला : चौदांपैकी किमान दहा दिवस लिहिणे झाले काय ? न झाल्यास वर्षभर होण्याचा संभव थोडा, आणि लाभ तर वर्षभराच्या चिकाटीत आहे.

दुसरा : वहीपासून काही लपविले काय ? लपविले असल्यास खिन्न होऊ नये. नायडिच यांनीही लपविले होते. परंतु त्याचा अर्थ असा की आपणास मोजण्यापेक्षा बोलण्याची गरज अधिक आहे. अशा व्यक्तीने एकट्याने वापरावयाच्या योजनेऐवजी बैठक असलेली योजना घ्यावी, अथवा दोन मित्रांसह स्वतःची बैठक भरवावी.

तिसरा : जेवणाच्या वेळांखेरीज दिवसातून किती वेळा आकडा मनात आला ? तो मन शांत करीत होता की अस्वस्थ ?

चौथा : घरातील माणसांशी या कारणाने खटका उडाला काय ? उडाला असल्यास मोजण्याचे स्थान ताटावरून जिन्नसांवर नेता येते काय, हे पाहावे.

चारही उत्तरे अनुकूल आल्यास पद्धत मानवण्याचा संभव पुष्कळ आहे. दोन किंवा अधिक प्रतिकूल आल्यास दुसरा मार्ग शोधावा. बॉस्टनच्या चाचणीने दाखविल्याप्रमाणे त्यात काही गमावले जात नाही.

९. समारोप

परकी भाषा शिकताना आरंभी आपण व्याकरणाचे नियम मोजून मोजून वापरतो. भाषा अंगवळणी पडली म्हणजे नियम आठवावे लागत नाहीत. अंकांचेही असेच व्हावयास हवे. जो माणूस पाच वर्षांनंतरही वहीवाचून जेवू शकत नाही, त्याने ती भाषा अद्याप आत्मसात केलेली नाही. सभासदत्वाची वर्गणी घेणाऱ्या संस्थेला आपण मोजत राहणे सोयीचे असते. आपल्याला मात्र केव्हातरी थांबता आले पाहिजे. म्हणून आरंभ करतानाच शेवटाची तारीख ठरवून ठेवावी.

मी आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने दिवसाला २६ अंकांची मर्यादा घेतली, सहा महिने पाळली व सातव्या महिन्यात वही बंद केली. वजन साडेतीन किलोंनी उतरले, म्हणजे सरासरी माणसाइतकेच. रक्तातील साखर मधुमेहपूर्व अवस्थेच्या खालच्या टोकाशी आली आहे. ती तेथे राहील की नाही, हे दर सहा महिन्यांनी तपासावे लागेल. तिसऱ्या सहकाऱ्यांनी, वजन अधिक व गुडघे दुखावलेले असल्यामुळे, वैद्याच्या सल्ल्याने औषधोपचार स्वीकारला आहे. तिघांचे तीन मार्ग झाले. दर शुक्रवारी चहाच्या वेळी आम्ही तिघे अर्धा तास एकत्र बसतो व त्या आठवड्यात काय खाल्ले हे एकमेकांना खरे सांगतो. अंक मोजणे थांबले तरी ही बैठक थांबविण्याचा आमचा विचार नाही. ज्यांना सल्ल्याची चिठ्ठी मिळाली आहे, पण मार्ग ठरलेला नाही, अशा विद्यार्थ्यांना व सहकाऱ्यांना तिचे दार उघडे आहे.